दाराशी ठेवलेल्या चपला

वाघापूर, यवतमाळ
७ जुलै

उर्वशीचे बाबा,
सप्रेम जयभीम.

"चपला राहू दे दाराशीच, मी काय कायमचा जाऊन राह्यलो का?" राजूरला निघताना तुम्ही असं म्हणाला होतात. कोळशाच्या डेपोवर लागतात म्हणून नवे बूट घातले होते. मी चपला उचलून खाटेखाली सारायला निघाले, तेव्हा तुम्ही मागे न पाहता बोललात. उर्वशी तेव्हा तिसरीत होती. आता बारावीला आहे. चपला अजून दाराशीच आहेत, दारं तेवढी बदलत गेली.

तुमचा नंबर लागत नाही म्हणून कागदावर लिहिते. वणीच्या गाडीवरचा ड्रायव्हर लालसिंग राजूरवरूनच जातो, त्याच्या हाती देते आहे. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलं आहे. उघडलेलं मिळालं तर तसं कळवा.

मला एकच विचारायचं आहे. परवा सकाळी तुम्ही इथे आला होतात का?

का विचारते, ते सांगते. आम्ही आता मैनाबाईच्या आवारात राहतो. एका ओळीत टिनाच्या खोल्या, मधे नळ, फाटकाशी कडुलिंब. मैनाबाई एकट्या बाईला खोली देत नाही. आधीच्या घरमालकांनी दिली होती, पण कळल्यावर काढलं. म्हणून इथे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की आमचे हे राजूरला असतात, रात्रपाळी असते, सुट्टी मिळाली की येतात. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "येतात न पण?" म्हणाली. मी पिशवीतून तुमच्या चपला काढून दाराशी ठेवल्या. मग तिने किल्ली दिली.

तेव्हापासून चपला सांभाळणं हे आमचं एक कामच झालं आहे. झाडताना त्या थोड्या सरकवायच्या. चामडं तडकू नये म्हणून उरलेल्या तेलाचं बोट फिरवायचं. तुम्ही कधी जोडीने काढल्या नाहीत, एक आडवी असायची आणि एक उभी, म्हणून आम्हीही तशाच ठेवतो. मैनाबाई येता-जाता टोमणा मारते, "तुह्या घरचा म्हणजे अमावशेचा चांद आहे वं जया. हाये म्हणतात, पण दिसत नाही." मी हसते. उर्वशी हसत नाही.

मी पहाटे अंधारात आर्णी रोडच्या एका मेसवर पोळ्या लाटायला जाते, ऊन चढल्यावर परतते. परवा परत आले तर चपला ओल्या होत्या. टायरच्या तळाच्या खाचांत चिखल भरला होता. आपल्या गल्लीत मुरूम आहे, इथला चिखल लाल असतो. चपलांवरचा काळा होता. अंगठ्यापाशी सुतळीचा तुकडा अडकला होता.

उर्वशी तोंडावर चादर घेऊन पडली होती. "कोणी आलं होतं का?" विचारलं. "नाही" म्हणाली. विचारून होण्याआधीच म्हणाली.

तुम्हीच असाल तर दार का वाजवलं नाही? मुलगी घरात एकटी होती. आणि काय पाहायला आला होतात? माझ्या दाराशी दुसऱ्या कोणाच्या चपला आहेत का, ते?

जया

१६ जुलै

उर्वशीचे बाबा,
सप्रेम जयभीम.

लालसिंग सांगत होता की तुम्ही पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणालात, "मी कायले येऊ तिकडे?" पाकिटाचं मी त्याला खोदून विचारलं. तो म्हणाला, "ताई, मले मराठी वाचता येत असतं त मी ड्रायव्हर राह्यलो असतो का?" खरं असेल. पण तो वाचत नसला तरी पाहतो. चहा पिता पिता बोलून गेला की तुमच्या दोरीवर लहान झबली वाळत होती. मग माझ्याकडे पाहिलं आणि बशी उचलून उरलेला चहा एका घोटात संपवला. शेजाऱ्यांची असतील.

म्हणजे तुम्ही आला नव्हता. मग कोण आलं होतं?

शनिवारी मी मेसवर जाताना डाव्या चपलेत चिंचोका ठेवून गेले. परत आले तेव्हा चपला जागेवर होत्या, एक आडवी, एक उभी, आपण ठेवतो तशाच. चिंचोका भिंतीपाशी पडला होता. मला त्या नीट ठेवण्याचीच भीती वाटली. आपण त्या कशा ठेवतो हे ज्याला ठाऊक आहे, तो रोज आपल्याकडे पाहत असला पाहिजे.

आधी मैनाबाईवर संशय आला. तिला माझं पितळ उघडं पाडायचं असेल, म्हणून मुद्दाम चपला भिजवत असेल. मग शेजारच्या नलूवर आला. ती पाण्याला आली तेव्हा म्हणाली, "तुह्या घरचे आले होते का वं? सकाळी अंधारात चपला फाटकाबाहेर जाताना पाह्यल्या मी."

"चपला पाह्यल्या आन् माणूस नाही पाह्यला?"

"अंधारात काय दिसते बाप्पा. डोक्यावरून काहीतरी घेतलं होतं. थंडी वाजत असन." आणि डोळा मारून म्हणाली, "लपून येतात का तुह्याकडे? लग्नाचेच हायेत न?"

मीही हसले. हसत हसत घरात आले आणि चपला उलट्या करून पाहिल्या. खाचेत सांबाराचं पान होतं, मेसवाला कोथिंबीर म्हणतो ते. चेंगरलेलं, पण वास येत होता.

आपल्या आवारात भाजीशी संबंध फक्त घनश्यामचा. हा मैनाबाईचा भाऊ, तिशीच्या आसपासचा, लग्न व्हायचं आहे. हातगाडी लावतो. मला वहिनी म्हणतो. उर्वशीला काही म्हणत नाही, आणि तेच मला आता बरोबर वाटत नाही. बाकी साऱ्या पोरींना तो चिडवतो, हिच्यासमोर मात्र मान खाली घालतो. महिनाभरापूर्वी त्याने गाडीवरून तिला काकडी देऊ केली. तिने घेतली नाही, पण दोघं एकमेकांकडे पाहत होते, आणि ते पाहणं काकडीचं नव्हतं.

ती हल्ली दुपारी कॉलेजातून आली की बसल्या जागी झोपते. पुस्तक तोंडावर असतं. सकाळी मी यायच्या आत तिची अंघोळ झालेली असते, साबण लवकर संपतो. काल तिचा हात धरून हुंगला. तिने हिसका देऊन काढून घेतला. मी थोडं बोलले तिला. जास्त काही नाही.

तुम्ही असता तर मी हे बोलून मोकळी झाले असते, आणि तुम्ही म्हणाला असतात की तुले साराच गाव चोर वाटते. तसं म्हणायलाही कोणी नाही.

जया

३० जुलै

उर्वशीचे बाबा,
सप्रेम जयभीम.

मोठी चूक होऊन बसली आहे. कोणाची ते वाचून ठरवा.

सोमवारी मी मेसवर मनगट दुखतं असं सांगून लवकर निघाले. खोटं नव्हतं, ते सुजलेलंच असतं. आवारात शिरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. दाराला बाहेरून कडी. उर्वशी नाही. आणि दाराशी चपला नाहीत.

घनश्याम फाटकाशी गाडीवरच्या भाजीवर पाणी शिंपडत उभा होता. सांबाराच्या जुड्यांचा ढीग होता समोर. मला पुढचं मागचं काही दिसलं नाही.

"माही पोरगी कुठं हाये?" मी ओरडले. "आन् आमच्या घरच्या चपला कोणाच्या पायात गेल्या?"

त्याचा हात थांबला. "चपला?" म्हणाला. "वहिनी, दादा आले असन न रातच्या गाडीनं. तेच घालून गेले असन चौकात."

"दादा आले नाहीत!"

"न येऊन कसं चालन," तो हळूच म्हणाला. "काल तुम्हीच सांगतलं न अक्काले, का दादा आज येऊन राह्यले म्हणून."

मी असं काही सांगितलं नव्हतं. तो मला थांबवत होता, हे आता कळतं. डोळ्यांनी सांगत होता की वहिनी, हो म्हणा आणि घरात जा. तेव्हा मला वाटलं, हा माझी मस्करी करतो आहे. "नाही आले!" मी म्हटलं. "या घरी आलेच नाहीत ते कधी! त्या चपला कोणी घालतच नाही, मंग भिजतात कशा?"

नळावरच्या बाया थांबल्या. घागर भरून वाहत होती, कोणी ती बाजूला घेतली नाही. मैनाबाई ओट्यावर बसून दातांना गुडाखू लावत होती. तिने सावकाश चूळ भरली, तोंड पुसलं.

"म्हणजे चपला हायेत, माणूस नाही," म्हणाली.

दोन वर्षं मी जे जपलं होतं ते मीच माझ्या तोंडाने साऱ्या आवारासमोर उधळलं. नवरा घरी येत असलेल्या बाईने चपला भिजल्या म्हणून असं ओरडायचं नसतं. नवऱ्याच्या चपला भिजतातच.

तेवढ्यात फाटकातून उर्वशी आत आली. दुपट्टा डोक्यावरून घट्ट गुंडाळलेला. पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलात, आणि त्या पायांत तुमच्या चपला. मोठ्या होतात म्हणून टाचेमागून सुतळीने बांधलेल्या. हातात कोमेजलेल्या सांबाराची जुडी.

"आई," म्हणाली, "तू इतक्या लवकर काहून आली?"

घरात जाऊन दार लावलं. ती पाय न धुताच खाली बसली. महिनाभरापासून ती भाजीमंडीत सांबार निवडून जुड्या बांधायला जात होती. मी गेले की निघायची, मी यायच्या आत अंघोळ करून पडायची. घनश्यामनेच तिथल्या इंदूबाईंपाशी तिला लावून दिलं होतं, आणि घरी सांगणार नाही अशी शपथ तिने त्याला घातली होती. त्याने ती माझ्या शिव्या खाऊनही मोडली नाही.

"कायले पण?" मी विचारलं. "बारावी हाये तुही."

"तुहं मनगट पाह्यलं मी. तू डाव्या हातानं भाकर थापून राह्यली होती. मेसवाला एक दिवस काढून टाकन तुले, मंग?"

"अन् ह्या चपला?"

ती उठली, पिठाच्या डब्यामागून तिच्या स्वतःच्या काढल्या. एकीचा पट्टा तुटलेला, साडीच्या पिनेने टाचलेला. "ह्या कॉलेजले पुरवतो मी. मंडीच्या चिखलात एका दिवसात जातीन." मग तुमच्या चपलांची सुतळी सोडता सोडता, मान वर न करता म्हणाली, "आन् ह्या तशाही कोणी घालत नव्हतं."

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तिला थोडं बोलले. बोलले नव्हते, मारलं होतं. तोंडावर. तिने मार खाल्ला, पण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी मंडी बंद केली असती, हे तिला माहीत होतं. मी तिच्याबद्दल काय काय मनात आणलं हेही तिला कळलं असणार. त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तुमच्यासारखंच तिचंही मला कळेनासं झालं आहे, फरक इतकाच की ती सोडून जात नाही.

घनश्यामची माफी मागायला गेले. "राहू द्या वहिनी," म्हणाला. कालपासून मात्र तो मला वहिनी म्हणत नाही, ताई म्हणतो.

जया

१२ ऑगस्ट

उर्वशीचे बाबा,
सप्रेम जयभीम.

मागच्या पत्राला तुमचा निरोप आला नाही. लालसिंग म्हणतो पत्र तुमच्या हातात दिलं. तो म्हणतो ते मी आता मानायचं ठरवलं आहे. कोणाकोणावर संशय घेऊ? दमायला होतं.

मैनाबाईने खोली लगेच रिकामी करायला लावली नाही. मला वाटलं होतं त्याच दिवशी भांडी बाहेर येतील. तिने मला तिच्या ओट्यावर बोलावलं, शेजारी बसवलं.

"मले एकट्या बाईचा राग हाये का?" म्हणाली. "मी काय दुकटी हाये? आमचे सदाशिवराव गेले तवापासून मीच हे आवार सांभाळतो. पण मागं अशीच एक बाई ठेवली होती. गल्लीतल्या लोकायनं तिच्या नावानं अन् माह्या नावानं शिमगा केला. पोलीस येऊन गेले बाप्पा. काही निघालं नाही. पण आलेले दिसले न सारायले."

"मी तशी नाही, अक्का."

"तेही तशी नव्हती," ती म्हणाली. मग म्हणाली, "मले खरंखोटं नको. दिसलं पाह्यजे. पोळ्याले ज्याचा त्याचा माणूस घरी येते. तुह्या घरचा आला, ह्या ओट्यावर बसून चार लोकायसमोर चहा पेला, त मी गल्लीचं तोंड बंद करतो, वर्षभर. नाही आला त तू तुही सोय पाह्य."

तिचाही मला संशय आला, खोटं कशाला सांगू. वाटलं, हिला पोळ्याच्या दिवशी माझा तमाशा करायचा आहे. पण निघताना तिने माझं मनगट हातात घेऊन दाबून पाहिलं, आणि एरंडाचं पान गरम करून बांध म्हणाली. तमाशा करणारी बाई असं करत नाही. किंवा करतही असेल. मला ओळखता येत नाही आता.

मी दुसरी खोली पाहिली. पाटीपुऱ्यात पाहिली, लोहाऱ्याकडे पाहिली. सगळीकडे पहिला प्रश्न तोच, घरी कोण कोण आहे. लोहाऱ्यावरून पहाटे मेस गाठता येत नाही. तिथून उर्वशीचं कॉलेजही सुटेल. ती म्हणते सुटू दे, मंडीत पूर्णवेळ जाईन. हे ती इतक्या सहज म्हणते की मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

नलूने उपाय सांगितला. "लालसिंगले बसव न ओट्यावर. त्यालेही चहाचंच काम हाये." आणि पदर तोंडाला लावून हसली. "मिशा तेवढ्या काढाव्या लागतीन." मी नको म्हटलं. एका माणसाच्या चपला सांभाळताना ही गत झाली, दुसऱ्याच्या कुठे सांभाळू?

मंडी मी बंद केली नाही. मला करता आली नाही. आता फक्त सुट्टीच्या दिवशी जायचं असं ठरवलं आहे, आणि मी मेसवर निघते तेव्हा आम्ही दोघी बरोबर निघतो. चौकापर्यंत एकत्र, तिथून ती मंडीकडे, मी आर्णी रोडला. ती पुढे चालते. चिखलात त्या टायरच्या तळाचा ठसा उमटतो तो मी पाहत जाते. तुमच्या पायाचा ठसा असाच असायचा, पण तो आमच्यापासून लांब जाताना पाहिलेला. हा पाहताना छातीत दुखत नाही.

तुम्हाला बोलवायचं नाही असं उर्वशीचं म्हणणं आहे. मी लिहायला बसले हे तिला कळलं तेव्हा म्हणाली, "कायले हात पसरतं त्यायच्यापुढं? ते येत नाहीत, आई." मी म्हटलं, मला माहीत आहे. "मंग?" म्हणाली. ती माझ्या हातातून पेन घेईल असं वाटलं. तिने फक्त कंदील जरा माझ्याकडे सरकवला, लाइट गेली होती.

पोळा पुढच्या शुक्रवारी आहे, अमावस्येला. आपला तो अमावशेच्या चांदाचा टोमणा मैनाबाईला लक्षात असेल की नाही कोण जाणे.

मी तुमच्याकडे नवरा म्हणून काही मागत नाही. तुमच्या दोरीवर कोणाची झबली वाळतात ते विचारत नाही, विचारणार नाही. कोणी विचारलं तर राजूरला काम आहे म्हणून सांगा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जा. लालसिंग आणेल आणि नेईल, तो तयार आहे. ओट्यावर बसा, चहा घ्या, मैनाबाई शेती-पाण्याचं विचारेल तर दोन शब्द बोला. उर्वशीशी बोललं नाहीत तरी चालेल. तीही बोलणार नाही. घनश्याम समोर आला तर त्याला मात्र नमस्कार करा.

येताना बूटच घालून या. आणि जाताना दाराशी ठेवलेल्या त्या चपलांत पाय घालू नका. चार लोकांना दाखवायलासुद्धा नाही. त्या आता तुमच्या राहिल्या नाहीत. सुतळी बांधून बांधून त्यांच्या टाचेला तिच्या मापाच्या खुणा पडल्या आहेत.

तुम्ही नाही म्हणाल. लालसिंग परत येऊन चहाची बशी हातात घेईल, माझ्याकडे न पाहता सांगेल की त्याहीनं वाचलं, खिशात ठेवलं. मी त्याला दुसऱ्यांदा विचारणार नाही. तरीही हे पाकीट शितं लावून बंद करते आहे, आणि तुम्हाला विचारते आहे: पोळ्याच्या दिवशी अर्धा घंटा याल का?

जया